मोबाईलवरची मराठी: काउंटरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, वास्तुशांतीची निमंत्रणं, निवडणूक लागली की हँडबिलं, आणि बारमाही अर्ज. पूर्वी लोक हाताने लिहिलेला कागद आणायचे. आता मोबाईल पुढे धरतात आणि म्हणतात, "हे जरा नीट मराठीत करून द्या." काम होईपर्यंत बाकड्यावर बसून प्रश्न विचारतात. तीच उत्तरं देऊन देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढतोय.

मोबाईल आल्यापासून मराठी बिघडली, हे खरं ना?

हे विचारणारे बहुतेक जण निवृत्त शिक्षक असतात आणि 'हो' ऐकायलाच आलेले असतात. मी त्यांना उलट विचारतो, पूर्वी लिहायचं कोण? आमच्या आळीत पत्र लिहून घ्यायला लोक एका मास्तरांकडे जायचे. नवरा मुंबईला गिरणीत. बायको सांगायची, "पोरगं लई आजारी हाय, पैसं लावून द्या." मास्तर लिहायचे, "मुलाची प्रकृती ठीक नसते, तरी पैसे त्वरित पाठवावेत." पत्र शुद्ध असायचं, पण त्यात त्या बाईचा आवाज कुठेच नसायचा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती, बायकांची ७५.८७. म्हणजे तेव्हाही साधारण चारातल्या एकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि ज्यांना येत होतं त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी शाळा सुटल्यावर सहीपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. तीच माणसं आज दिवसभर लिहितात. आमच्या मंडईतली भाजीवाली सकाळी स्टेटस ठेवते, "आज मेथी ताजी हाय." ती पूर्वीही असंच बोलायची. आपल्याला ते लिहिलेलं दिसायला लागलं, इतकंच.

मग लोक मराठी इंग्रजी अक्षरांत का लिहितात? आळसच ना?

आळस थोडाफार असेल. पण आधी पैशाचा हिशेब बघा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत बसतात, म्हणून १६० जातात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'श्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, यंत्र त्याची चार चिन्हं धरतं. म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा देवनागरीत पाठवल्या की एकाच्या जागी दोन-तीन मेसेजचे पैसे, आणि सणाच्या दिवशी स्वस्तातले पॅक चालायचे नाहीत. शिवाय समोरच्याच्या फोनमध्ये देवनागरी नसेल तर त्याला नुसते चौकोन दिसणार. अशा काळात ज्यांच्या अंगठ्याला वळण लागलं, त्यांनी रोमन धरली. पुढे व्हॉट्सॲप आलं, अक्षरं मोजायची गरज संपली, वळण तसंच राहिलं.

यंत्राच्या सोयीने लिपी बदलण्याची ही काही पहिली वेळ नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. ओव्या मराठी, अक्षरं रोमन. छापखान्यात देवनागरीचे खिळेच, म्हणजे छापायची धातूची अक्षरंच, नव्हती. गोव्यात रोमन लिपीतली कोकणी आजही चालते, चर्चमध्ये आणि तियात्रात, म्हणजे तिथल्या कोकणी नाटकांत, ती रोजची आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा केली आणि मराठीच्या वापराला मुभा दिली, तरी रोमी कोकणीला मान्यता मिळावी ही मागणी थांबलेली नाही. त्यामुळे रोमन म्हणजे आळस, हे वाक्य मडगावात बोलताना आजूबाजूला बघून बोलावं.

तिसरं कारण मला दुकानात कळलं. एमआयडीसीत कामाला असलेला एक पोरगा माझ्याकडे अर्ज करून घ्यायला येतो. त्याला म्हटलं, फोनमध्ये मराठी कीबोर्ड टाकून देऊ का? तो म्हणाला, "नको काका, मराठीत लिहिलं की चूक दिसती. इंग्लिशमधी दिसत नाही." रोमनमध्ये 'पाणी' आणि 'पानी' सारखंच उमटतं. ह्रस्व-दीर्घाचा प्रश्नच येत नाही. शाळेत ज्याच्या वहीवर लाल रेघा जास्त होत्या, त्याच्यासाठी ही आडोशाची जागा आहे.

पण शुद्ध लिहायला नको का? 'आनी', 'पानी' बघितलं की डोकं फिरतं.

तुमचं डोकं का फिरतं, याचा विचार करा. 'क्रमांक'चा 'क्रंमाक' झाला तर तुम्ही हसून सोडून देता. 'पानी' दिसलं की मात्र लिहिणारा कुठला, कोणत्या जातीचा, किती शिकलेला, हे सगळं तुम्ही एका क्षणात ठरवून मोकळे होता. मराठीच्या फार मोठ्या पट्ट्यात 'ण'च्या जागी 'न' बोलतात. ती त्या बोलीची पद्धत आहे. पुस्तकी मराठीने 'ण' उचलला, आणि तेव्हापासून 'न' म्हणणारा अडाणी ठरला. माणूस वाद घालायला आला आणि मुद्दा सुचेना, की त्याचं शुद्धलेखन काढायचं, हा डाव मी रोज बघतो. समोरचा मग गप्प होतो, आणि गप्प करणाऱ्याला वाटतं की आपण जिंकलो.

हे भांडण फोनपेक्षा पुष्कळ जुनं आहे. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेसाठी न्यायमूर्ती रानड्यांकडून निमंत्रण आलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. बहुजनांचे हक्क न मानणाऱ्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असं त्या पत्राचं म्हणणं होतं. स्वतः फुले लिहायचे तीही शेतकऱ्याला ऐकून कळेल अशी, रांगडी मराठी.

आणि नियम तरी कुठे आभाळातून पडलेत? मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये सरकारने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार आले. त्याआधी 'नांव', 'पांच', 'घरांत', 'केलें' असंच लिहायचे. परवा एक मुलगी आजोबांचं जुनं पत्र घेऊन आली आणि म्हणाली, किती अशुद्ध लिहायचे ना! त्या पत्रात एकही चूक नव्हती. पत्रातले अनुस्वार आजोबांच्या काळी सक्तीचे होते, नंतर ते काढून टाकले गेले. 'कवि' होता तो 'कवी' झाला, 'गुरु'चा 'गुरू' झाला.

अर्ज, पत्रिका, पाटी, पुस्तक यांत मी नियम पाळतो, गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. घरच्या ग्रुपवर मी कुणाची वेलांटी सुधारत नाही. एकदा सुधारली होती. त्यानंतर मेहुणीने चार महिने ग्रुपवर नुसते अंगठे पाठवले.

मोडी शिकावी का?

कागद वाचण्याचं काम करायचं असेल तर जरूर शिका. मोडी हात न उचलता झरझर लिहायची लिपी. शेकडो वर्षं दप्तरं तिच्यात लिहिली गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतही होती. छापखान्याला बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोपी पडली, तिथून मोडी मागे सरकली. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला आकडा ठरवून देणाऱ्या जागतिक यादीत, तिला जागा मिळाली तेव्हा फारशी चर्चा झाली नाही. खरी किंमत कळली २०२३ मध्ये. मराठा आरक्षणाच्या निमित्ताने न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, आणि तहसील कचेऱ्यांतली मोडी दप्तरं वाचायला माणसं शोधायची पाळी आली. छंद म्हणून मोडी शिकलेल्यांना एकाएकी कचेरीतून बोलावणी यायला लागली.

एक गंमत सांगतो. मोडीतही ह्रस्व-दीर्घ वेगळं दाखवत नसत. पेशव्यांचा कारकून आणि आमचा एमआयडीसीतला पोरगा, दोघांनाही वेलांटी कुठली हा घोर नाही. मोडीतल्या कागदाला आपण ऐतिहासिक दस्तऐवज म्हणतो.

जुनी फाईल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी कचरा दिसतो. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही. युनिकोड रुळण्याआधी आम्ही सगळे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांत काम करायचो. त्यांत आतून इंग्रजीच अक्षरं असायची, वरून मराठीचा मुखवटा चढवलेला. तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नसेल तर मुखवटा उतरतो आणि आतलं उघडं पडतं. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडे होतात, त्यामुळे नंतर डोळ्यांखालून घालावंच लागतं.

या भानगडीचा एक परिणाम फारसा कुणी बोलत नाही. त्या काळात संगणकावर केलेलं मराठी, गावोगावची साप्ताहिकं, दिवाळी अंक, कचेऱ्यांचे आदेश, हे सगळं शोधयंत्राच्या दृष्टीने मराठी नाहीच. शोधलं तर सापडत नाही. माझ्याच दुकानातल्या सीडींवर दहा वर्षांचा मजकूर तसा पडून आहे.

फोनवर 'ल' आणि 'श' हिंदीसारखे का येतात?

युनिकोडमध्ये देवनागरीचा 'ल' एकच आहे, मराठीला वेगळा आकडा नाही. तो कसा काढायचा हे फॉन्ट ठरवतो, आणि फोनमधला फॉन्ट बहुधा हिंदी वळणाचा असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि मराठी वळणाचा 'श' हीच रूपं वापरावीत असं सांगितलं आहे. चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं असतात. मजकुराची भाषा 'मराठी' म्हणून निवडली तर ती बदलतात. पाटीवाल्याला हे सांगून ठेवा, नाहीतर तुमच्या दुकानाच्या नावात हिंदी 'ल' वर्षानुवर्षं लटकत राहील.

'दऱ्या'चं 'दर्या' होतं. 'ॲप' नीट येत नाही.

'दऱ्या'साठी साधा र चालत नाही. खाली टिंब असलेला 'ऱ' घ्या, मग हलन्त, मग 'य'. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतला फरक त्यावरच आहे. लग्नाच्या बिलात "आचार्यांना दिलेले" असं छापून गेलं तर वाचणारा विचारेल, कुठल्या गुरुजींना एवढी दक्षिणा दिली? 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र चिकटवून काम भागवायचे, आणि जुन्या फोनवर तो चंद्र निसटून शेजारी पडायचा. मराठीला जी चिन्हं लागतात आणि हिंदीला लागत नाहीत, ती यंत्रात जरा उशिराच येतात.

मोठ्या माणसाला मेसेज करताना सुरुवात कशी करावी?

पत्र लिहिताना मराठी माणसाला पहिल्याच ओळीत समोरच्याची पायरी ठरवावी लागायची. वडिलांना 'तीर्थरूप', वडिलांसारख्या माणसाला 'तीर्थस्वरूप'. धाकट्याला 'चिरंजीव'. परक्याला 'रा. रा.', म्हणजे राजमान्य राजश्री. मग 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. धाकट्यांना 'अ. उ. आ.', अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी 'लोभ असावा ही विनंती' आणि विसरलेलं आठवलं तर 'ता. क.' ही आद्याक्षरं पाठ असणं म्हणजे माणूस शिकलेला, असा हिशेब होता.

आज याच्या जागी जोडलेले हात आले आहेत. मोठा, धाकटा, साहेब, शिपाई, सगळ्यांना तेच हात. ज्याला मास्तरांकडून पत्र लिहून घ्यावं लागायचं त्याची मोठी सोय झाली. औपचारिक मेसेज असेल तर 'नमस्कार' लिहा, पुढे नाव आणि सर, मॅडम, काका, ताई जे शोभेल ते, आणि थेट कामाचं बोला. 'सा. न. वि. वि.' लिहिलंत तरी बिघडत नाही, पण पंचविशीतला मुलगा त्याचा अर्थ विचारायला फोन करील.

पत्रिकेत नवरीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' घालावंच लागतं का?

कायदा काही नाही, तुमची पत्रिका, तुमची मर्जी. मी इतकी वर्षं ही अक्षरं जुळवतोय. नवरदेवाला 'चि.', म्हणजे तू खूप जग. नवरीला 'चि. सौ. कां.', म्हणजे तूही जग आणि सौभाग्याची इच्छा धर. लग्न झालं की तिची 'सौ.' होते, नवरा आधीही 'श्री.' आणि नंतरही 'श्री.' तो गेला की तिच्या नावाआधी 'श्रीमती' किंवा 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी. बाईच्या आयुष्यात काय घडून गेलं हे पाकिटावरच्या दोन अक्षरांवरून पोस्टमनलाही कळायचं. पुरुषाच्या पाकिटावरून काहीच कळायचं नाही.

हे प्रश्न आता उघडपणे विचारले जातात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची राज्यभर चर्चा झाली. पुढच्याच वर्षी राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी सरकारी कामकाजात 'विधवा' ऐवजी 'गं. भा.' लिहावं असा प्रस्ताव पुढे केला, तेव्हा सगळीकडून टीका झाली. एका बाजूने कुंकू पुसायचं नाही म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूने अर्जावर गंगेत सोडायचं, हे बायकांना पटलं नाही. माझ्याकडे आताशा पाचातल्या एका पत्रिकेत दोघांचीही नुसती नावं असतात. हा आकडा माझ्या दुकानापुरता. आज्या मात्र प्रूफ हातात घेऊन विचारतातच, "सौकां राहिलं का रं?"

अनोळखी माणसाला 'तू' म्हणावं, 'तुम्ही' की 'आपण'?

'तुम्ही' म्हणा. 'आपण' भाषणात आणि बँकेच्या मेसेजमध्ये शोभतं. 'तू' समोरच्याने आधी म्हटल्यावर.

खरा पेच घरच्या ग्रुपवर बघायला मिळतो. आई 'आली', बाबा 'आले'. पिढ्यान्‌पिढ्या आई एकवचनी, बाबा आदरार्थी बहुवचनी. आई जवळची म्हणून 'तू', असं सांगतात, आणि ते खरंही आहे. पण जवळचं असण्याचा आणि सोपं असण्याचा हिशेब आपण कधी वेगळा मांडला नाही. आता शहरांत पोरं बाबालाही 'अरे बाबा' म्हणतात, आणि आजोबांना ते कानाला टोचतं. सासूबाई मात्र 'आल्या'च. सून आईला 'तू' आणि सासूला 'अहो' लिहिते, त्यावरून कुठलं घर कुणाचं हे कळतं. नवऱ्याचं नाव तोंडाने न घेणाऱ्या बायका फोनमध्ये त्याचा नंबर 'अहो' या नावाने ठेवतात, हे मी नंबर सेव्ह करून देताना कितीदा पाहिलंय.

मध्यमवयीन मित्र वीस वर्षांनी शाळेच्या ग्रुपवर भेटतात तेव्हा फार अडतं. एक तहसीलदार झालेला, दुसरा रिक्षा चालवतो. 'तू' म्हणावं की 'तुम्ही'? मराठीने त्यावर वाट काढलेली आहे. "जेवण झालं का?", "कधी येणं होतंय गावाकडे?", "सध्या मुक्काम कुठे?" यात 'तू' नाही आणि 'तुम्ही'ही नाही. रिक्षावाल्याने असं विचारलं आणि तहसीलदाराने "अरे तू कसा आहेस ते सांग" म्हटलं, की मग सगळा ग्रुप मोकळा होतो. तहसीलदारानेही "सगळं ठीक चाललंय" असं विनासर्वनाम उत्तर दिलं, तर रिक्षावाला पुढच्या स्नेहसंमेलनाला येत नाही.

रीलमध्ये वऱ्हाडी, अहिराणी चालते. अर्जात का नाही?

अर्ज वाचणारा प्रमाण मराठीवर परीक्षा देऊन आलेला असतो. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी टंकलेखन तीस शब्द प्रति मिनिट लागतं, आणि त्या परीक्षेचा उतारा काही 'काहून बे'ने सुरू होत नाही.

पण रीलमुळे एक झालं. पूर्वी नाटक-सिनेमात वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा बहुतेक वेळा नोकर किंवा विनोदापुरता असायचा. आता खानदेशातला पोरगा 'कसं शे' म्हणत स्वतःच गोष्टीचा नायक होतो, अहिराणी गाण्यांवर लग्नं नाचतात. कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात, त्यावर पुण्याची माणसं अजून दचकतात. अडचण लिहिण्याची आहे. वऱ्हाडात डोळ्याला 'डोया' म्हणतात. तसं टाईप केलं की कीबोर्ड खाली लाल रेघ मारतो किंवा आपलं शहाणपण चालवून भलताच शब्द घालतो. शाळेतला लाल पेन आता खिशात आला. शब्द एकदा दाबून धरून शब्दकोशात टाका, पुन्हा त्रास देत नाही.

'मोबाईल' लिहू की 'भ्रमणध्वनी'?

पत्रिकेत जागा असेल तर तुमची हौस. शब्द कोणी घडवला याला किंमत नसते, लोकांनी तोंडात घेतला का ते बघायचं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी आपण आज 'अर्ज', 'दप्तर', 'शिक्का' म्हणतोच. सावरकरांचा 'महापौर' रुजला. 'संगणक' रुजला. 'भ्रमणध्वनी' लेटरहेडवरच राहिला.

परका शब्द घरचा झाला की नाही, हे ओळखायची माझी एक खूण आहे. त्याला मराठी प्रत्यय कसा लागतो ते बघा. 'बँकेत', 'पोस्टात'. हे शब्द आतून बदलले, म्हणजे घरचे झाले. 'ॲपमध्ये', 'ग्रुपवर', 'लिंकवर' हे अजून ओसरीवर आहेत. पत्रं टाकायचं पोस्ट आणि फेसबुकवरची पोस्ट शब्द म्हणून एकच, तरी "पोस्टात गेलो" आणि "पोस्टमध्ये लिहिलं" यांत पन्नास-शंभर वर्षांचं अंतर आहे. ई-मेल तो, ती की ते, यावर अजून एकमत नाही. माझ्या दुकानात तिन्ही चालतात.

बँकेचे, कंपन्यांचे मराठी मेसेज मराठी का वाटत नाहीत?

ते बहुधा इंग्रजीतून हिंदीत आणि तिथून मराठीत उतरतात. "ओटीपी कोणाशीही सामायिक करू नका." घरात कुणी कुणाला "पापड सामायिक कर" म्हणतं का? "ओटीपी कुणाला सांगू नका" एवढं पुरतं. रोज कानावर पडून आता पोरंही 'मला मदत कर'च्या जागी 'माझी मदत कर' म्हणतात. आठ कोटींवर माणसं ही भाषा बोलतात, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला तिला अभिजात दर्जाही मिळाला. एका ओटीपीच्या ओळीसाठी मराठी माणूस बसवायला हरकत नसावी.

कुणी गेल्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं तर पुरे का?

ग्रुपवर पुरे. कीबोर्डवर 'भाव' लिहिलं की पुढचं तो स्वतःच सुचवतो, इतकं ते अंगवळणी पडलंय. घरच्यांना मात्र वेगळं लिहा, गेलेल्या माणसाची एखादी आठवण, दोन ओळी. लिहिता येत नसेल तर आवाजाचा मेसेज करा. म्हाताऱ्या माणसांनी हे फार लवकर ओळखलं. आमच्या मावशीला लिहिता येत नाही, पण भाच्याच्या दुःखात तिने तीन मिनिटांचा मेसेज पाठवला, त्यात दीड मिनिट ती नुसती रडत होती. तो मेसेज अजून कुणी पुसलेला नाही.

व्हॉट्सॲपवर आलेलं लग्नाचं आमंत्रण धरायचं का?

त्यात "हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे" असं लिहिलेलं असेल, तरी आत्याबाई धरत नाहीत. त्यांच्या घरी अक्षता आणि पत्रिका घेऊन माणूस जायलाच हवा. माझ्याकडे गिऱ्हाईक आता तीन याद्या घेऊन येतं. छापील पत्रिका शंभर-दीडशे, हातात देण्यासाठी. पीडीएफ, ज्यांना फोन करून पाठवायची त्यांच्यासाठी. आणि व्हिडिओ, गणपती आणि सनईसह, सरसकट ग्रुपवर टाकायला. कोण कुठल्या यादीत, यावर घरात जी चर्चा होते ती मी काउंटरमागून ऐकतो. चुलत्याचं नाव तिसऱ्या यादीतून पहिल्या यादीत न्यायला एकदा दोन भावांनी माझ्या दुकानात पाऊण तास घेतला, आणि शेवटी पत्रिका एकशे एक्कावन्न छापल्या.

पत्रिकेत आईचं नाव कुठे घालायचं?

पूर्वी नवरदेवाच्या नावाखाली 'श्री. व सौ.' आणि वडिलांचं नाव, बस. 'सौ.'च्या पुढे आईचं नाव असेलच असं नाही. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम सक्तीचा झाला आहे. ती मुलं लग्नाला यायला अजून वेळ आहे. पण गेल्या वैशाखात एक नवरी स्वतः प्रूफ बघायला आली, आणि तिने पेनने बाण काढून आईचं नाव वडिलांच्या वरच्या ओळीत नेलं. वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, "वर घे, पण फॉन्ट सारखाच ठेव."